कसोटी सोन्याची की आडनावाची?

आपल्या समाजातून गेल्या साठ-सत्तर वर्षांत शिक्षक निघाले, वकील निघाले, डॉक्टर, इंजिनीअर, बँक अधिकारी निघाले. कोणत्याही तालुक्याच्या गावी भीमजयंतीच्या वर्गणीची यादी काढून पाहा, हे सगळे तिच्यात सापडतील. आता त्याच यादीत एखादा सोनार शोधा. एखादा सराफ शोधा. बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. सरकारी कार्यालयाचं दार आरक्षणाने उघडलं. सराफा बाजाराचं दार मात्र आज कोणत्याही कायद्याने बंद केलेलं नाही, त्यामुळे कायदा करून ते उघडताही येत नाही. ते बंद आहे हेसुद्धा आपल्या ध्यानात येत नाही, कारण तिथपर्यंत आपण फारसे गेलेलोच नसतो.

आम्ही गेलो. आम्ही म्हणजे कारंजा लाडमधले बहीण-भाऊ. ऑर्डरप्रमाणे दागिने घडवून देणारं लहानसं दुकान आम्ही नऊ वर्षांपासून चालवतो. आमच्याकडे काचेच्या कपाटात मांडलेला तयार माल जवळजवळ नसतो. गिऱ्हाईक जुनं सोनं घेऊन येतं किंवा बयाणा ठेवतं, काय हवं ते सांगतं, आम्ही कागदावर चित्र काढून दाखवतो आणि मग घडवतो. मुशीत सोनं गाळायचं, टाकणखार टाकायचा, साच्यात ओतायचं, ऐरणीवर ठोकायचं, जंतरातून तार ओढायची, झाळ द्यायची, तेजाबात उजळायचं. ही सगळी कामं आम्ही दोघंही करतो. या नऊ वर्षांत सोन्याबद्दल जितकं शिकलो, त्याहून जास्त जातीबद्दल शिकलो. ते आपल्या तरुणांपुढे मांडावं म्हणून हा लेख.

सोनं आपल्याला नाकारलेलं होतं

सोनं म्हणजे श्रीमंतांचा शौक, आपल्या चळवळीला त्याच्याशी काय करायचं, असं आपल्यातलेच काही मित्र म्हणतात. त्यांनी आधी इतिहास पाहावा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे दागिने लोखंडाचे असावेत असा नियम आहे. त्याच अध्यायात, शूद्राने ऐपत असली तरी धन साठवू नये, असंही सांगितलं आहे. म्हणजे अंगावर कोणता धातू घालायचा हेसुद्धा जन्मावर ठरलेलं होतं.

हे पोथीतच राहिलं असं समजू नका. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं आहे. १९२८ सालच्या वर्तमानपत्रातली ती बातमी. गावोगावच्या सवर्णांनी बलाईंवर जे नियम लादले, त्यात बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत हा एक नियम होता. न पाळणाऱ्यांचं पाणी तोडलं गेलं, शेतात जायच्या वाटा अडवल्या गेल्या. दागिन्याचा प्रश्न तेव्हा पाण्याच्या प्रश्नाइतकाच माणूसपणाचा होता.

आणि त्याच्या आधीच, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांची सभा घेतली. त्या सभेत ते लुगडं कसं नेसावं आणि दागिने कोणते घालावेत यावर बोलले. गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे चांदीचे, कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळखखूण आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. घालायचंच तर सोनं घाला, नाहीतर काहीच घालू नका, असा त्या सल्ल्याचा अर्थ होता. सोनं घ्याच असा हा आग्रह नव्हता. गुलामीची खूण म्हणून अंगावर वागवलेला धातू उतरवा, एवढाच त्याचा रोख होता. आमच्या आजीच्या पिढीने तो सल्ला ऐकला. तिच्या हातावर कथलाच्या गोटांचे वळ होते, पण गोट नव्हते.

सोनार जात आपली शत्रू आहे का?

अजिबात नाही. हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडे व्यवस्थेवर टीका करताना माणसांवर घसरायची सवय लागते आहे.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी महाराष्ट्रातल्या सोनारांचंही उदाहरण दिलं आहे. सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, निऱ्यांचं धोतर नेसू लागले, एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणू लागले. हे ब्राह्मणांना खपलं नाही. पेशव्यांच्या सत्तेच्या जोरावर त्यांनी ते बंद पाडलं. मुंबईत तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार होता, तर तिच्याकडूनही मुंबईच्या सोनारांविरुद्ध मनाई हुकूम काढवला. ज्यांच्या हातात सोनं होतं, त्यांना साधा ‘नमस्कार’ म्हणायची मुभा नव्हती. मनुस्मृतीने लबाड सोनाराला वस्तऱ्याने तुकडे करायची शिक्षा सांगितली आहे, तेवढी क्रूर शिक्षा लबाड पुरोहिताला सांगितलेली नाही.

पुढे १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनार बेकार झाले, कित्येकांनी आत्महत्या केल्या. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तोवर ही जाचक बंधनं कमीजास्त चालूच राहिली. जातीने एकाच धंद्याला बांधलेला माणूस तो धंदा बुडाला की कुठे जाणार? जात म्हणजे श्रमिकांचीच वाटणी आहे आणि ती माणसाला गरजेप्रमाणे काम बदलू देत नाही, बेकारीचं एक कारण तीच आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं होतं. सत्तावीस वर्षांनी सोनारांनी ते भोगलं.

आणखी एक समाज आठवा: झारेकरी. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळ आणि राख विकत घ्यायची, धुवायची, गाळायची आणि तिच्यातून सोन्याचे कण वेगळे करायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. सोन्याची त्यांची पारख कोणत्याही सराफाइतकी पक्की. पण धुळीपासून ऐरणीपर्यंतचं दहा फुटांचं अंतर त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओलांडता आलं नाही. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे पुस्तकात वाचायचं नसेल तर सोनाराच्या दुकानात बसून पाहावं.

आम्ही शिकलो कुठे?

कारंजात कोणी शिकवलं नाही. पोराला हाताखाली ठेवून घेणं ही या धंद्याची शाळा, आणि त्या शाळेचा प्रवेश नात्यागोत्यातून होतो. कोणी ‘तुमची जात चालत नाही’ असं तोंडावर म्हणालं नाही. ‘सध्या माणूस नको’ एवढंच म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात कोणाचा तरी भाचा तिथे बसलेला दिसला.

भाऊ मुंबईला गेला. झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये बंगाली कारागिरांचे कारखाने आहेत. एका खोलीत दहा-बारा जण, दिवसा तिथेच काम, रात्री तिथेच झोप. उस्तादाने आडनाव विचारलं, पण विदर्भातल्या आडनावावरून त्याला जात कळेना. त्याने मग हात पाहिले आणि तार ओढायला बसवलं. चार वर्षांत भाऊ तयार झाला. कारागिरांचं शोषण तिथेही होतंच. तास मोजलेले नसत, धुराला वाट नसे, तेजाबाच्या वाफेत खोकत काम चाले. तरी विद्या मिळाली, कारण मराठी जातीचा नकाशा तिथे कोणाला वाचता येत नव्हता. भावाने परत येऊन बहिणीला शिकवलं. बाई भट्टीपुढे बसते याचं गिऱ्हाइकांना सुरुवातीला जातीहूनही जास्त नवल वाटलं.

‘घरचा सोनार’ नावाची भिंत

कारंजा हे जुन्या पैशाचं गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा वेशींच्या आतलं जुनं गाव, जुनी जैन मंदिरं, गुरुमंदिर, कापसाचा बाजार. अशा गावात प्रत्येक घराचा ‘घरचा सोनार’ ठरलेला असतो. आजोबांचं लग्न त्याच्या आजोबांनी केलेल्या मण्यांवर झालेलं असतं. हा विश्वास खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तो वारशाने मिळतो, आणि ज्याला वारसाच नाही त्याने काय करायचं?

दुकान उघडल्यावर पहिलं वर्ष गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “तुमी कोन्ते सोनार हो, भाऊ?” लाड, वैश्य, अहिर, पांचाळ यांपैकी काहीतरी ऐकायची त्यांची तयारी असे. आम्ही सांगत असू, “आम्ही बौद्ध आहो, काम करून पाहा.” काही जण बसत. काही जणांना तेवढ्यात दुसरं काम आठवे. एका मोठ्या घरची लग्नाची ऑर्डर चित्र पसंत पडूनही भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपाशी येऊन थांबली. मग हितचिंतकांचे सल्ले सुरू झाले. फोटो आतल्या खोलीत लावा. पाटीवर आडनाव घालू नका, नुसतं ‘ज्वेलर्स’ लिहा. आम्ही फोटो होता तिथेच ठेवला, आणि पाटीवर नव्हतं ते आडनाव बिलावरही छापलं. लपून मिळालेलं गिऱ्हाईक कळलं की जाणारच, आणि जाताना फसवणुकीचा शिक्का मारून जाणार.

दुसरी भिंत उधारीची. हा धंदा बिनकागदी उधारीवर चालतो. ठोक व्यापारी ओळखीच्या कारागिराला शंभर-शंभर ग्रॅम सोनं नुसत्या शब्दावर देतो, दागिना विकला की हिशेब होतो. आम्हाला एक ग्रॅमही रोख मोजल्याशिवाय मिळालं नाही. ज्याचं भांडवल सर्वांत कमी, त्यालाच सगळं रोखीने घ्यावं लागतं. जातीची किंमत रुपयांत मोजायची असेल तर ती इथे मोजता येते.

आणि तिसरी भिंत सांगायला जड जाते, पण सांगतो. आपली माणसंही सुरुवातीला आली नाहीत. वस्तीतली माय सांगायची, “बाप्पा, तुमी आपले हाय, मनून बरं वाटते, पन सोनं तं तिकडंच करतो आमी.” सोनं ‘त्यांच्याच’ हातचं शुद्ध, हा विचार आपल्या मनात कोणी पेरला? गुलामी अंगावरून उतरते, मनातून उतरायला वेळ लागतो.

भरवसा मापाचा

आम्ही ठरवलं की भरवसा मागायचा नाही, हिशेब दाखवायचा. वजनकाट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे केलं. जुन्या सोन्याचा टंच काढायला गिऱ्हाइकाला सोबत घेऊन मशीनवाल्याकडे जाऊ लागलो. घट किती धरली, घडणावळ ग्रॅमला किती, जीएसटी किती, हे सगळं बिलावर वेगवेगळं लिहू लागलो.

याने काय फरक पडतो, ते आकड्यांत पाहा. समजा १२ ग्रॅमची जुनी पोत मोडायला आली आणि टंच निघाला ८४. म्हणजे तिच्यात शुद्ध सोनं १०.०८ ग्रॅम. बावीस कॅरेटमध्ये शुद्ध सोनं ९१.६ टक्के, म्हणजे घट वगळता त्यातून ११ ग्रॅमचा दागिना व्हायला हवा. आता कोणी तोंडी सांगितलं, “बाई, टंच ऐंशीच आहे,” तर शुद्ध सोनं ९.६० ग्रॅमच धरलं जाईल. ०.४८ ग्रॅम गेलं. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. त्या एका लाखाने हिशेब केला तर हे ४,८०० रुपये होतात. ३०० रुपये रोजाने सोयाबीन काढणाऱ्या बाईची ही सोळा दिवसांची मजुरी. एका तोंडी आकड्यात सोळा दिवस गडप! ती बाई कोणत्या जातीची आहे याने काही बिघडत नाही. जिला टक्केवारी येत नाही, ती लुटली जाऊ शकते.

म्हणून हॉलमार्क समजून घ्या. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असलाच पाहिजे. दागिन्यावर तीन खुणा पाहायच्या: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटसाठी २२के९१६) आणि हा क्रमांक. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. चाळीस लाखांपेक्षा कमी उलाढालीच्या दुकानांना या सक्तीतून सूट आहे. आम्ही त्या सुटीत बसतो, तरी विकायच्या दागिन्यावर हॉलमार्क करून घेतो. नगामागे काही रुपये जातात, जिल्ह्याबाहेर खेप पडते. पण आमच्यासारख्यांना त्याचं मोल वेगळं आहे. त्या सहा अक्षरांत सोनाराची जात लिहिलेली नसते. घरच्या सोनाराला तीन पिढ्यांची ओळख कामी येते, आम्हाला हा शिक्का कामी येतो.

हळूहळू माणसं आली. आधी शिकल्या-सवरलेल्या पोरी आल्या, बिल वाचून. मग मुस्लिम वस्तीतून, मग बंजारा तांड्यांवरून. वस्तीतली माय शेवटी आली, शेजारणीचं बिल हातात घेऊन. आता पिंपळपानाचं आणि अशोकचक्राचं पदक ही आमची सर्वांत जास्त मागणी असलेली घडण आहे, एप्रिलच्या आधी दोन महिने मान वर करायला फुरसत नसते. आजही सगळे येत नाहीत. वेशीच्या आतली काही घरं अजून आलेली नाहीत आणि उधारीवर सोनं अजूनही मिळत नाही.

विश्वकर्मा कोणाचा?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसाय, त्यात सोनार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, आधी एक लाख आणि नंतर दोन लाख असं पाच टक्के व्याजाने कर्ज. नियमानुसार हाताने तो व्यवसाय करणारा कोणीही पात्र आहे. पण योजनेची भाषाच ‘कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय’ अशी आहे. एका कार्यालयात आम्हाला पहिला प्रश्न आला: “वडील काय करायचे?” वडील हमाली करायचे. मग आमच्या हातातली कला पारंपरिक की अपारंपरिक?

तामिळनाडू सरकारने ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला आणि जातीची अट नसलेली स्वतःची कारागीर योजना आणली. त्यामागे इतिहास आहे. १९५३ मध्ये मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी मुलांना अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली होती. पेरियारांच्या चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून विरोध केला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. महाराष्ट्रात आपण हा प्रश्न विचारला का? कारागिराला कर्ज मिळावं याला आमचा विरोध नाही, आम्हालाही ते हवं आहे. पण बापाचा धंदा विचारणारी योजना चांभाराच्या पोराला पुन्हा चामड्याकडे आणि सोनाराच्या पोराला पुन्हा सोन्याकडेच नेणार.

सोन्यापायी कर्ज नको

एक आक्षेप उरतो आणि तो योग्य आहे: दागिने विकणारा माणूस लग्नातला थाट आणि हुंडा वाढवणार नाही का? धोका आहे. म्हणून आम्ही दोन नियम पाळतो. मुलाकडच्यांनी मागितलेली यादी घेऊन मुलीचा बाप आला तर ती ऑर्डर आम्ही घेत नाही, समजावून परत पाठवतो. आणि कर्ज काढून दागिना करणाऱ्याला अर्ध्या वजनाचं चित्र काढून देतो. धंदा बुडतो का? थोडा बुडतो. पण पेरणीच्या तोंडावर हीच पोत बियाण्यासाठी गहाण पडते, आणि सोयाबीनला भाव मिळाला नाही तर दिवाळीलाही सुटत नाही, हे आम्ही दरवर्षी पाहतो. बाईच्या नावावर शेत नसतं, घर नसतं. अडीअडचणीला तिच्या हाताशी असतं ते हेच चार-पाच ग्रॅम. तेवढं तरी पूर्ण वजनाचं, पूर्ण कसाचं आणि पावतीसकट तिच्या नावावर असलं पाहिजे.

तरुणांनो, हे करा

पहिलं, बंद धंद्यांत शिरा. सराफी, धान्याची अडत, औषधांचा ठोक व्यापार, कापसाची दलाली. नोकरीच्या जागा कमी होत असताना आपली सगळी पोरं एकाच स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभी करणं हाही एक प्रकारचा कुलधंदाच आहे.

दुसरं, उधारीची भिंत एकट्याने फुटत नाही. आपले बचत गट आणि पतसंस्था जयंतीच्या मंडपाइतक्याच उत्साहाने चालवा. कारागिराला पन्नास ग्रॅम सोन्याचं खेळतं भांडवल मिळालं तर त्याला कोणाच्या ओळखीची गरज उरत नाही.

तिसरं, माहिती अधिकाराचा अर्ज करा. आपल्या जिल्ह्यात विश्वकर्मा योजनेच्या ‘सोनार’ व्यवसायात किती अर्ज आले, त्यात अनुसूचित जातीचे किती, मंजूर किती आणि नामंजूर झालेल्यांना कारण काय दिलं, एवढे चार प्रश्न. वाशीमचा अर्ज आम्ही तयार केला आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाण्याचा तुम्ही करा. उत्तरं आली की एकत्र मांडू.

जय भीम!